फौजेतून पेन्शनवर आलेला नवरा, रात्रीची झोप आणि आपण बायका

सुपारीबाग (धागाकर्ती)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. इथे फौजी घरातल्या बऱ्याच जणी आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून लिहितेय.

मी गुहागर तालुक्यातली. मिस्टर पायदळात होते, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. नोकरीतली बरीच वर्षं काश्मीर खोऱ्यात आणि ताबारेषेवर गेली. तिथे काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलंय, तेही त्यांच्या दोस्तांकडून. ते सगळं इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

सुरुवातीला बरं चाललं होतं. घराची डागडुजी, पोफळीला पाणी, मुलांना शाळेत सोडणं. मग हळूहळू लक्षात येत गेलं. शेजारच्या कलमांच्या बागेत वानरं हाकलायला पाईपची कार्बाइड गन वाजवतात. आवाज झाला की हे असतील तिथे आडवे होतात. मग उठतात, कपडे झटकतात आणि त्या दिवसापुरतं बोलणं बंद. रात्री दोन-अडीचला उठून घराभोवती फेरी मारतात, कड्या तपासतात. एसटीत बसले तर मागच्या सीटवरच. लग्नाच्या मांडवात पाच मिनिटं टिकत नाहीत.

आता माझं. मी नारळ पिकायच्या आधीच उतरवून घेते, पत्र्यावर पडायला नकोत. बागवाल्याला सांगून ठेवलंय, गन वाजवण्याआधी मला मिस्ड कॉल दे. तो आला की टीव्ही मोठा करते. मुलांना दार आपटायचं नाही, फुगे आणायचे नाहीत. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा ह्यांना काहीतरी काम काढून चिपळूणला पाठवते. माहेरच्या कार्यांना मी एकटीच जाते, नाहीतर जातच नाही. पाहुण्यांना सांगते, ह्यांना बीपी आहे.

नणंद म्हणते, तू सांभाळून घे. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी असेल, कौल लावूया. डॉक्टरांचं नाव काढलं की हे म्हणतात, "मला रत्नागिरीला पाठवायचंय का?" (कोकणाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे असं म्हटलं की मनोरुग्णालय समजायचं.)

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, तुम्ही काय करता? ह्यांना बरं कसं करायचं ते नंतर सांगा. आधी तुम्ही स्वतः कशा राहता ते सांगा.

---

खाडीकाठचा

वाचतोय. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

---

सावंतवाडीची सून

ताई, तुमचा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. सासरे श्रीलंकेत होते, १९८७ ला शांतिसेना गेली तेव्हा. आता ते नाहीत. सासूबाई सांगतायत तसं लिहिते, मालवणी तशीच ठेवते (पातेरो म्हणजे पालापाचोळा, भाजवळ म्हणजे शेत भाजणं, घोव म्हणजे नवरा).

"तकडे रस्त्यात सुरुंग पुरून ठेवीत. हयसर इले तरी पातेऱ्यार पाय ठेवीत नसत. काजीच्या बागेत सगळो पातेरोच. मगे बागेचा काम मीच करी. भाजवळीक पातेरो गोळा करूचो तो पण मीच. लोक म्हणीत, तुझो घोव किती शांत मानूस. माका ठावक, शांत नाय, ते राखण करतत. रात्री उठान बसले काय मी पयलो दिवो लावी. मगे लांबसूनच सांगी, मी आसंय, आपण घराक आसव, भायर पावस लागता हा. हात लावूक जायत नसंय. एकदा लावलंय तर मनगट असा पिरगळल्यानी काय बरेच दिस सुजलेला. मगे तेच रडाक लागले."

मी विचारलं, त्यांनी कधी सांगितलं का तिकडचं? तर म्हणाल्या, "म्हातारपणात एकदा सांगल्यानी. नातवाक शाळेत सोडून इले आणि सांगूक बसले. मी भाकऱ्या थापी होतंय, तशीच थापीत रवलंय. थांबलंय असतंय तर ते गप झाले असते."

---

रोखठोक

माफ करा, पण हे सगळं आता आलंय. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले, परत येऊन शेती केली, आठ मुलं वाढवली. पीटीएसडी (आघातानंतर राहणारा मानसिक आजार) वगैरे काही ऐकलं नाही. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही आपली परंपरा. मोबाईलमुळे माणसं नाजूक झाली आहेत.

---

कॅम्पातला

रोखठोक, घाडगे त्याच लढाईत गेले. घरी परतून त्यांना झोप लागली असती की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. तेव्हा ते उदाहरण इथे चालत नाही.

मी दापोलीचा. आमच्या गावाला अजून म्हातारे लोक कॅम्प म्हणतात, कारण इंग्रजांची छावणी होती आणि नंतर पेन्शनर शिपायांची वस्ती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथे राहिले. म्हणजे पेन्शनवर आलेला फौजी हे कोकणात दीडशे वर्षांचं जुनं प्रकरण आहे. काही गावांत इंग्रजांनी बसवलेल्या पाट्या आहेत, १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. गेलेले आणि मेलेले मोजले. परत आले ते कसे आले, त्याचा रकाना त्या पाटीवर नाही. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली आणि पुढे कैदेत माणसं उपासमारीने, रोगराईने गेली. त्यातून जे परतले त्यांच्या बायकांनी काय केलं असेल? सावंतवाडीच्या आजींनी केलं तेच. ऐकलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही.

---

माजी सुभेदार

नमस्कार. मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता खेड तालुक्यात. रोखठोक यांना उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगनिदानाच्या पुस्तकात पीटीएसडी हे नाव १९८० मध्ये, व्हिएतनामनंतर आलं. माणसं तीच, आवाज तोच.

फौजेत हे का लपवतात ते सांगतो. प्रत्येक जवानाची मेडिकल कॅटेगरी असते, शेप म्हणतात. एस मानसिक, एच कान, ए हातपाय, पी शरीर, ई डोळे. सगळीकडे एक असेल तो शेप-वन. एस खाली गेला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होईल ही भीती असते. त्यामुळे जवान एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, कंबर दुखते म्हणून येतो, झोप लागत नाही म्हणून येत नाही. कंबर दुखणारे मी पुष्कळ पाहिले. ही सवय अंगात इतकी मुरते की पेन्शनवर आल्यावरही जात नाही.

वहिनी, साहेबांना एवढंच सांगा, आता कॅटेगरी जायची नाही. उपचार घेतल्याने मिळणारी पेन्शन बंद होत नाही. उलट सेवेतल्या कारणाने आजार असेल तर अपंगत्व पेन्शनचा विषय निघू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात म्हटलंय की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत झाला तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. खटला झटक्यांच्या आजाराचा होता, पण तत्त्व व्यापक आहे. नियम २०२३ मध्ये बदललेत, तेव्हा निवृत्तीची तारीख पाहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तिथे दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईत खंडपीठ आहे.

एक गोष्ट कटू आहे. कॅन्टीनच्या कोट्याची रम आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या, या दोन्हींची जोडी घरात नको.

---

संपादक मंडळ

कृपया कुणीही युनिटचा क्रमांक, ठिकाणं किंवा मोहिमेचे तपशील लिहू नयेत. बाकी चर्चा चालू द्या.

---

तळ्याकाठी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रत्नागिरीत काम करते. इथल्या प्रतिसादांवरून कुणाचं निदान करणार नाही. पण सुपारीबाग यांनी चौथा परिच्छेद कसा लिहिलाय पाहा: "आता माझं." आणि पुढे सगळं नवऱ्याभोवतीच आहे. नारळ, मिस्ड कॉल, टीव्ही, शिमगा. त्यावरच बोलायचंय.

या आजारात ढोबळमानाने चार गोष्टी असतात. झालेलं पुन्हा पुन्हा समोर येणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, मन बधिर किंवा काळवंडलेलं होणं, आणि शरीर कायम पहाऱ्यावर असणं. यातलं टाळणं फार फसवं आहे. टाळलं की त्या क्षणी जीवाला बरं वाटतं, म्हणून माणूस पुढच्या वेळी आणखी टाळतो. आधी फटाके, मग मांडव, मग एसटी, मग अंगण. भीतीला खोटं ठरायची संधीच मिळत नाही.

आणि घरातली बाई ते टाळणं त्याच्या वतीने करायला लागते. प्रेमानेच करते. तिला लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. अमेरिकेत जोडीदाराच्या अशा सांभाळण्यावर संशोधन झालंय, ते मोजायला प्रश्नावली आहे. जिथे असं सांभाळणं जास्त, तिथे आजार जास्त तीव्र आणि नात्यातलं समाधान कमी, असं दिसलं. यावरून बायकोमुळे आजार वाढला असा निष्कर्ष कृपया कुणी काढू नका. जास्त आजारी माणसाच्या घरी जास्त सांभाळावं लागणारच. पण दोन्ही एकमेकांना धरून वाढतात हे मी रोज पाहते.

दुसरं टोकही तितकंच वाईट. "बघू कसा घाबरतोस" म्हणून शिमग्यात ओढून नेणं, मुद्दाम फटाका लावणं. भावकीतली हौशी मंडळी हे करतात. उपचारात भीतीला सामोरं जाणं असतं, पण ते त्याच्या संमतीने, ठरवून, पायरीपायरीने आणि तज्ज्ञाच्या सोबतीने.

सावंतवाडीच्या आजींनी केलं त्याला आम्ही ग्राउंडिंग म्हणतो. आधी उजेड, मग लांबून आवाज, मग आपण कुठे आहोत, बाहेर काय चाललंय. आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि भाकऱ्या थापत राहिल्या ते तर आमच्यातल्या पुष्कळांना जमत नाही. आम्ही पेन उचलतो.

---

सुपारीबाग

म्हणजे मी इतकी वर्षं करतेय ते सगळं उलट? मिस्ड कॉल बंद करू? आवाज झाल्यावर ते अंगणात पडलेले असतात तेव्हा मुलं बघत असतात. ते तुम्हाला माहीत नाही.

---

तळ्याकाठी

नाही हो, बंद नका करू. त्या व्यवस्थेवर तुमचं घर उभं आहे, एकदम काढली तर कोसळेल. फक्त तो मिस्ड कॉल गुपचूप तुम्हाला येतो आणि तुम्ही टीव्ही मोठा करता, यात तुमचे मिस्टर कुठेच नाहीत. त्यांना ठाऊक नाही असं तुम्हाला वाटतं. बहुतेक ठाऊक असतं. मग त्यांना दुहेरी लाज, आवाजाची आणि बायको आपल्याला लहान मुलासारखं जपते याची.

एखादा शांत दिवस बघा. त्यांना सांगा की बागवाल्याला सांगून ठेवलंय. विचारा, फोन मला येऊ दे की तुम्हाला? एवढंच. फोन त्यांना आला तर आवाजाची वेळ त्यांच्या हातात येते. अचानक आवाज आणि ठाऊक असलेला आवाज यात शरीराला फार फरक पडतो. पुढे कधी ते स्वतः म्हणतील, फोन नको. म्हणाले नाहीत तरी हरकत नाही.

मुलांना बीपी सांगू नका. "बाबा जिथे होते तिथे आवाज म्हणजे धोका असायचा, त्यांच्या शरीराला ती सवय आहे, तुमच्यामुळे नाही." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, कारण मुलं स्वतःलाच दोषी धरतात.

---

दर्याची लेक

मी अलिबागकडची. दोन दिवस वाचत होते, आता राहवत नाही.

पुन्हा बायकोच! तिने दिवा लावायचा, तिने लांबून हाक मारायची, तिनेच भाकऱ्या थापत ऐकायचं, आणि आता तिने टाळणंही शास्त्रीय पद्धतीने कमी करायचं. माझा नवरा कारगिलला होता. सतरा वेळा ऐकलंय, देशासाठी लढलाय, सहन कर. तो प्यायचा आणि मारायचा. मी सहन केलं नाही. मुलांना घेऊन माहेरी आले. सासरच्या मंडळींनी माझी गावभर शोभा केली. सैनिकाला सोडून गेली म्हणून पोस्टही फिरवली.

मी अट घातली, आधी दवाखाना, मग घर. तो गेला. मुंबईत आर्मीतला जुना दोस्त होता, तो घेऊन गेला. माझ्या सेवेने काही झालं नव्हतं, माझ्या जाण्याने झालं. सगळ्यांचं असं होईल असं नाही. पण आजार हे कारण असतं, परवाना नसतो.

शहीदाच्या पत्नीचा १५ ऑगस्टला सत्कार होतो, व्हायलाच हवा. परत आलेल्याच्या बायकोला मात्र सगळे म्हणतात, नशीबवान आहेस, कुंकू शाबूत आहे. या वाक्यानंतर तक्रार करायला तोंड उरतं का?

---

सावंतवाडीची सून

दर्याची लेक, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरा केल्यान."

---

तळ्याकाठी

दर्याची लेक, पूर्ण सहमत. हे माझ्या पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मारहाण होत असेल तर वरचं काहीच लागू नाही, आधी सुरक्षितता.

त्याच ओघात, कोकणात बऱ्याच घरांत शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते, आणि बरेच माजी सैनिक गार्डच्या नोकरीसाठी बारा बोर घेतात. माणूस "मी नसतो तर बरं" असं बोलू लागला असेल, किंवा रात्री बंदूक उशाशी घेऊन बसत असेल, तर ती घराबाहेर गेली पाहिजे. निवडणुकीच्या वेळी बरेच जण पोलीस ठाण्यात जमा करतात, त्यामुळे कसं करायचं हे गावात माहीत असतं.

बायकांबद्दल: इस्रायलमध्ये १९८२ च्या लेबनॉन युद्धातून परतलेल्यांच्या बायकांचा अभ्यास झाला. ज्यांच्या नवऱ्यांना हा आजार होता त्या बायकांमध्येही मानसिक त्रास आणि एकटेपणा जास्त आढळला. तेव्हा "मला काही झालेलं नाही, ह्यांना झालंय" हे वाक्य जरा तपासून घ्या.

जोडप्याने मिळून घ्यायचे उपचारही आहेत. अमेरिका आणि कॅनडात ४० जोडप्यांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. १५ सत्रांनंतर आजार कमी झाला आणि नात्याबद्दल रुग्णांचं समाधानही वाढलं. आपल्याकडे हे सहज मिळत नाही, पण डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जाणं कुणी अडवत नाही.

---

घाटावरून कोकणात

मला एक वेगळीच शंका आहे. कोकणात बाईला नवरा घरात असण्याची सवयच कुठे होती? मुंबईचा चाकरमानी, बोटीवरचा, नाहीतर पलटणीतला. पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डर यायची आणि घर, शेत, गुरं, सासू, देवाचा मान सगळं बाई बघायची. असा माणूस पंधरा-सतरा वर्षांनी कायमचा घरी येतो. तिकडे तो जवानांचं सेक्शन चालवत होता, इथे कुदळ कुठे ठेवलीय तेही त्याला विचारावं लागतं. धाग्यातल्या सगळ्याच गोष्टी आजाराच्या नसतील, काही नुसत्या जागा न मिळाल्याच्या असतील.

---

माजी सुभेदार

घाटावरून कोकणात, शंभर टक्के. मी आलो तेव्हा बायकोने गोठ्यात येऊ दिलं नाही, म्हणाली म्हैस तुम्हाला ओळखत नाही.

पण दोन्हींत गल्लत नको. जागा नाही म्हणून चिडचिड करणारा माणूस रात्री तरी झोपतो.

---

गावदेवीचा मानकरी

सासूबाईंच्या कौलाला सगळे हसतील म्हणून लिहितो. कौल लावा, गाऱ्हाणं घाला, त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे एका फौज्यासाठी गाऱ्हाणं घातलं तेव्हा गावकाराने सगळ्यांसमोर म्हटलं, ह्या लेकराने जे बघितलं ते आम्ही बघितलं नाही, त्याचा भार उतरव महाराजा. गावाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ह्याला काहीतरी आहे आणि तो दारूडा नाही. बाजारात टोमणे बंद झाले. मात्र कोणी भगत गोळ्या बंद करा म्हणाला, किंवा उतारा आणि कोंबड्यांचे पैसे मागायला लागला, तर तिथून उठायचं.

---

सुपारीबाग

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

मी ह्यांना मिस्ड कॉलचं सांगितलं. म्हणाले, "माहीत आहे. टीव्ही मोठा झाला की मी मागच्या पडवीत जाऊन बसतो." म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. आता फोन त्यांना येतो. पहिल्या दिवशी फोन आल्यावर बागेकडे तोंड करून उभे राहिले. आवाज झाला, दचकले, बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आडवे झाले. तेव्हा यश वगैरे नाही.

दर्याची लेक, माझ्याकडे मारहाण नाही, पण तुमचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

१४४१६ ला मी स्वतःसाठीच फोन केला, टेलिमानसचा नंबर, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मराठीत बोलता आलं. मला वाटलं होतं ह्यांच्याबद्दल सांगेन, तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही शेवटचं नीट कधी झोपलात?

आता पुढचं. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जावं की ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना)? गावातलं कोणी भेटलं तर काय सांगायचं हा ह्यांचा मोठा प्रश्न आहे.

---

तळ्याकाठी

दोन्ही चालेल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे बसलेल्या माणसाला कोणी मनोरुग्णालयात ठेवत नाही. ईसीएचएसने गेलात तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावा लागेल, मोठ्या रुग्णालयात तपासायचं झालं तर तेच सोयीचं. आणि कार्ड तुमच्याही नावाचं असतं, तुम्हीही त्यावर तपासून घेऊ शकता. फौजी माणसांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्षही आहे, पुण्याच्या एएफएमसीमध्ये (फौजेचं मेडिकल कॉलेज) डिसेंबर २०२३ पासून. फौजेबाहेरच्या डॉक्टरला काय कळणार असं म्हणत असतील तर तिथे बोलू द्या.

---

रोखठोक

सगळं वाचलं. आजोबा रात्री ओटीवर झोपायचे, पावसाळ्यातसुद्धा. आजीने कधी आत बोलावलं नाही. आम्हाला वाटायचं त्यांना उकडतं.

---

कॅम्पातला

+१

---

सुपारीबाग

काल ह्यांनी सगळा धागा वाचला. माझ्याच मोबाईलवर, मागच्या पडवीत बसून. मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण नारळ आता वेळेवर उतरवत जा, कच्चे फुकट जातात." मग जेवताना म्हणाले, "त्या खेडच्या सुभेदारांचा नंबर माग." साहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

---

माजी सुभेदार

मीच केलाय, बघा. संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांगा, तेव्हा आमच्याकडे रेंज असते. आणि दवाखान्यात जायचं ठरलं तर मला दोन दिवस आधी कळवा, मला नाहीतरी कान दाखवायचे आहेत, सोबत जाऊ.